प्रश्न चौथा, गुण पाच

"पाचापैकी पाच? राज्यशास्त्रात?" विनीत सरांनी शीला मॅडमच्या हातातला पेपर ओढून घेतला आणि स्टाफरूममध्ये उभ्याउभ्याच वाचायला लागले.

प्रश्न साधा होता. फॅसिझम म्हणजे काय, आणि त्यात बाजाराचं काय होतं? बारावीच्या करिश्माने व्याख्या पुस्तकातली लिहिली होती, उदाहरण मात्र घरचं.

'ठाकुर्लीत आमच्या गाळ्यात एक चाचा वीस वर्षं शिलाई करायचे. त्यांना कोणी मारलं नाही. फक्त 'आपल्याच माणसांकडून घ्या' अशी पाटी लागली. गिऱ्हाईक थांबलं, चाचा गेले. आता गाळ्याला दुप्पट भाडं येतं. बाजार बंद होत नाही, उलट जोरात चालतो. पाटी माझ्या पप्पांनी लावली होती.'

सरांनी पेपर पालथा ठेवला. "मॅडम, काळुरामशेठची पोरगी आहे ही. ट्रस्टी आहे तो आपला!"

"उत्तर बरोबर आहे."

"असू दे ना. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत तुमचे. हे काय बोर्डवर लावणार?"

लावायचंच होतं. चाचणीतलं सर्वांत चांगलं उत्तर वर्गाबाहेर लावायचं, ही शीला मॅडमची सत्तावीस वर्षांची रीत. एकदा प्राचार्यांच्या मुलाला डावलून त्यांनी शिपायाच्या मुलीचं उत्तर लावलं होतं, आणि ते त्या अजून चारचौघांत सांगत. आज मात्र टाचणी हातातच राहिली. पोरीला घरी त्रास होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण पेन्शनचे कागद संस्थेच्या सहीशिवाय हलत नाहीत, हे मनाला पक्कं ठाऊक होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यांनी पाचाचे तीन केले.

बोर्डवर हर्षितचं उत्तर लागलं. मुद्दे पाच, इटली, जर्मनी, सगळं जिथल्या तिथे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

मधल्या सुट्टीत करिश्मा आली. "मॅडम, माझं कुठे चुकलं?"

"उदाहरण पुस्तकातलं हवं होतं गं."

"पण ते खरंय. शनिवारी पालकसभेला पप्पा येणारेत. तुम्ही लावलं असतं ना, तर त्यांनी वाचलं असतं. घरी मी बोलले तर कोण ऐकतंय?"

"परीक्षेत असं लिहायचं नसतं, बाळा. मार्क जातात."

करिश्माने मान डोलावली. वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिने वही उघडली, बोर्डासमोर उभी राहिली आणि हर्षितचं उत्तर उतरवून घेऊ लागली.

"मॅडम, जर्मनीच्या पुढे काय लिहिलंय? लागत नाहीये."

शीला मॅडम तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, तिला ते उत्तर सांगू लागल्या.