वाऱ्याचा दोष नव्हता

भूकंपात घर गेल्यावर इंदू लातूरला मावशीकडे वाढली. पुढे ती नांदेडच्या एका प्रयोगशाळेत रेणुकादास सरांच्या हाताखाली लागली. सर धाग्यासाठी भांगेचं वाण तयार करत होते: उंच, चिवट, नशा जवळजवळ नसलेलं. सरकारची खास परवानगी, शेताला जाळी, दाराला पहारा. कित्येक वर्षं हेच काम.

यंदा मात्र तपासणीत नशेचं प्रमाण मर्यादेबाहेर निघालं. सगळं पीक जाळायचा हुकूम आला.

"वाऱ्यानं घात केला," सर म्हणाले. "गेल्या हंगामात बी धरताना रानभांगेचा पराग आला असणार."

इंदूने पानं तपासायला घेतली. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकात स्वतःचा वेगळा डीएनए असतो. भांगेत तो आईच्या झाडाकडून येतो, परागातून नाही. म्हणजे बाप कुणीही असो, आई सरांच्या वाणाची असेल तर या डीएनएची खूण मूळ वाणाशी जुळायला हवी. जुळली नाही. तिने पुन्हा तपासलं, तेच. पेरलेलं बियाणंच दुसऱ्या वाणाचं होतं; पेरताना पाकीट चुकलं होतं.

पेरणी सरांनी एकट्यानं केली होती, बायको सिद्धम्मा दवाखान्यात असताना, जागरणं सोसत. त्यांना हे सांगणं इंदूच्या जिवावर आलं. पण पुढच्या हंगामाला सर त्याच पाकिटातलं पेरणार होते.

"सर, वारा नव्हता. आईच वेगळी आहे."

सरांनी पेरणीची वही उघडून पाहिली. "म्हणजे माझ्याच हातून झालं."

"तुम्ही थकला होतात."

"अजून हाय की. उगं समजूत घालून राहिलीस."

उरलेल्या पाकिटांपैकी एकातल्या बियाण्याची खूण मात्र जुळली. सरांनी ते तळहातावर धरलं. "पुन्हा पहिल्यापासून करायचा दम न्हाई राहिला आता. तू कर."

"लातूरच्या क्लासवाल्यांना हो म्हणून बसलेय, सर. इथली फेलोशिप संपली."

"बरं केलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता.

पीक जळताना दोघं धुराच्या उलट बाजूला उभे होते. जुळलेलं ते पाकीट सरांनी सरकारी बीजपेढीत जमा केलं.

लातूरला इंदू खच्चून भरलेल्या हॉलमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. सर निवृत्त झाले. ते बियाणं अजून कुणी मागितलेलं नाही.