खोलण्याआधी

बांबूची एक नळी, टोकाला तिरपी कापलेली.

गोठ्यात दोन रिकामे खुंटे.

वैनगंगेवर पौषातलं धुकं. पलीकडची आरमोरी कुणी फडक्याने पुसून टाकल्यासारखी.

पान्यांची पेटी उशाला घेऊन इसरूच्या पडवीत घोरणारा मुखरू मिस्त्री, वरोऱ्याच्या कापसाच्या जिनातली इंजिनं दुरुस्त करणारा.

आणि नदीच्या मधोमध एकाएकी पडलेली शांतता.

ती शांतता परवाची. फट-फट करत धानाची पोती आरमोरीच्या बाजाराला नेणारं डिझेल इंजिन मध्येच मुकं झालं आणि इसरूची लाँच पाण्याबरोबर वाहायला लागली. बैलजोडी विकून घेतलेली लाँच! पत्रू ढिवराने आपल्या डोंग्याला दोर बांधून ती काठाला ओढली. वर विचारलं, "इसरूभाऊ, आता सोताच्या खांद्यावर जू घेता का?"

आज मुखरू उठला, तोंड धुतलं, इंजिनाभोवती एक फेरी मारली.

"पिस्टन गेला. खोला लागते. वरोऱ्याले नेतो."

"वापस कधी?"

"होळीपावतर."

होळीला नदीत गुडघाभर पाणी. म्हणजे हंगाम गेला. बंडी जुंपावी तर बैल नाहीत.

"थांबा मिस्त्री! मेलं कशानं, थे तं पाहू. मंग फाडा."

मुखरू हसला, पण त्याने बाह्या सरसावल्या.

इसरूने चाक धरलं. फिरलं! पिस्टन अडकला असता तर हललंच नसतं. आणखी रेटलं, तर चाकाने उलटा धक्का दिला.

"दम हाय यात," मुखरूचे डोळे चमकले. "पिस्टन धड हाय. धूर येते का?"

धूर नाही. पांढरा नाही, काळा नाही. म्हणजे आत जळायला काही पोचतच नाही! पण टाकी तर भरलेली.

 टाकीखालची तांब्याची नळी इसरूने सोडवली. थेंब पडेना. मुखरूने आत तार घातली, ओढली.

तारेला पांढरं काहीतरी. तुपासारखं.

दोघांनी एकदमच नाक पुढे केलं. डोकी आपटली.

"मोह!"

"टोळीचं तेल!" मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत थिजतं, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. "जड हाय ना! डिझल वर राह्यलं, हे बुडाशी गेलं. आन नळीच्या तोंडात गोठलं!" मुखरू नाचायचाच बाकी होता.

इसरू मात्र काठाशी डोंगा लावून बघत बसलेल्या पत्रूकडे वळला. "डोंगेवाल्याइचंच काम हे! लाँचनं धंदा बसला ना तुमचा!"

"मी कायले घालू? मले भाजीले तेल भेटत नाई!"

"म्या पाजलं."

काठावर सुगंधाबाई उभी होती, इसरूची बायको. कमरेला ती बांबूची नळी खोवलेली, बैलांना तेल पाजायची.

"रोज. तुमी आंगोळीले गेले का."

"काऊन वं?"

"काऊन म्हंजे? थंडीच्या दिवसात कामाच्या जनावराले तेल देत नाई का? एवढी पोती ओढून राह्यली थे. कोरडीच ठेवू तिले?"

 मुखरू असा हसला की पेटीला लाथ लागून पाने घरंगळले.

"पाणी तापव वं! लवकर!" इसरू ओरडला.

टाकीच्या बुडाचं तेल काढून टाकलं. तांब्याच्या नळीवर उकळतं पाणी. नळीतली हवा सोडली. हँडल. एकदा. काही नाही. परत. इसरूने दात आवळून तिसऱ्यांदा फिरवलं—

फट.

फट. फट-फट-फट-फट!

धुक्यातून बगळे उडाले. "जू उतरवा, इसरूभाऊ!" पत्रू डोंग्यात उभा राहून ओरडत होता. मुखरू पाने गोळा करता करता लाँचमध्ये चढला. त्यालाही आता बाजार पाहायचा होता. सुगंधाबाईने बैलाच्या मानेवरून फिरवावा तसा इंजिनावरून हात फिरवला, चटका बसला, तरी लगेच काढला नाही.

बैल विकले त्या सकाळीही तिने दोघांना तेल पाजलं होतं.