धोंड्याचं जेवण

पंकजाने माळ्यावरचा दुसरा पाट काढला, ओढणीने पुसला आणि ओसरीवर थोरल्या जावयाच्या पाटाला लावून मांडला. मग रेश्माचा दंड धरून म्हणाली,

"बस."

अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, टॉवेल-टोपी करायची. कोल्हारात यात नवं काही नाही. पण धाकट्या लेकीने, पंकजाने, असा जावई आणावा? दिवाळीत तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की ती आणि रेश्मा नगरला जोडीने राहतात, आता स्थळं बघू नका. तेव्हापासून घराने तिच्याशी अबोला धरला होता. आज ती न बोलावता आली होती.

आई, विजयमाला, पदराला हात पुसत बाहेर आली.

"पंके, तिला आत बसव. मैत्रीन हाय म्हन. मी पोटभर वाढते."

"मैत्रीन म्हनून लई घरी जेवली ती. हितं जावई म्हनूनच जेवंल. न्हाईतर आमी दोघी निघालो, परत यायचो न्हाई."

थोरले जावई अंगदराव ताडकन उठले.

"ही ह्या पंगतीत बसनार असंल, तर राजेश्वरीचं माहेर आजपासनं तुटलं समजा!"

ते तरातरा अंगणात जाऊन मोटारसायकलपाशी पाठ करून उभे राहिले. सासरे गहिनीनाथ "पाव्हनं, पाव्हनं" करत, हात जोडत त्यांच्यामागे धावले.

राजेश्वरी, अंगदरावांची बायको, पुरणाच्या धोंड्यांच्या परातीपुढे बसली होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. धाकटीचा तिला रागही आला. हिच्या हट्टापायी आपलं माहेर जायचं? पंकजा तिच्याकडे बघत होती, विनवणी न करता. राजेश्वरीने तुपाची वाटी उचलली आणि आईच्या हातात दिली.

"वाढ."

"कुनाला?"

"जावई दोन हायेत. दोघांनाबी."

विजयमालाने आधी अंगदरावांच्या रिकाम्या पाटापुढचं ताट वाढलं. मग रेश्माचं. तूप ताटाबाहेर सांडलं, पण तिने धार आखडती घेतली नाही.

अंगणात गहिनीनाथ राजेश्वरीचे शब्द ऐकून अर्ध्या वाटेवर थबकले होते. त्यांनी जावयाच्या पाठीकडे पाहिलं, ओसरीवर वाढलेल्या दोन ताटांकडे पाहिलं. जोडलेले हात सोडले, परत आले आणि पंगतीत बसले. पंकजाकडे त्यांनी अजूनही पाहिलं नाही.

रेश्मा मान खाली घालून बसली होती. जावयाने घास उचलल्याशिवाय पंगत जेवत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गहिनीनाथ ताटाकडे बघतच तिला म्हणाले,

"घ्या, पाव्हनं. समदे थांबलेत."