बारा ऑक्टोबरच्या सह्या

वॉशिंग्टनहून आलेला तपासनीस रायन व्हिटलो एकेक कागद उचलत होता, खालची तारीख बघत होता आणि उजवीकडच्या ढिगावर ठेवत होता. डावीकडे कागद जेमतेम होते. आर्डिस समोर बसून उजवा ढीग वाढताना बघत होती. बावीस वर्षं ती या शाळेत कारकून होती. कुठला ढीग कशाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या या राखीव मुलखातली जमीन कागदोपत्री केंद्र सरकारच्या नावावर, आणि सरकारच्या जमिनीवर कर बसत नाही. बाकी देशात शाळा लोकांच्या घराच्या, शेताच्या करावर चालतात. इथे तो कर घ्यायचा कुणाकडून? म्हणून वॉशिंग्टन दर मुलामागे भरपाई देतं, आणि देतं ती अशी की जणू खिशातून भीक घालतंय. शाळेने वर्षातला एक दिवस मोजणीचा म्हणून ठरवायचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर प्रत्येक मुलाच्या घरच्यांनी सही करून द्यायची, की हे पोर याच जमिनीवर राहतं. गेल्या वर्षी तो दिवस होता पंधरा ऑक्टोबर. उजवीकडच्या ढिगातल्या प्रत्येक कागदावर तारीख होती बारा.

दरवर्षी आर्डिस पंधरा तारखेनंतर स्वतःची गाडी काढायची. नऊ-दहा दिवस घरोघर फिरायचं, कुत्री अंगावर घ्यायची, चिखलात चाकं रुतवायची, दार वाजवायचं. अर्ध्या घरांत माणूस भेटायचा नाही, मग परत जायचं. पेट्रोलचे पैसे शाळेने एकदाही दिले नाहीत. गेल्या वर्षी मात्र बारा तारखेला, शनिवारी, ऑर्व्हिलकाकांना जाऊन वर्ष झालं त्याचं जेवण होतं. ऑर्व्हिल म्हणजे तिच्या चुलतभावाचे, डेल्बर्टचे वडील. शाळेच्याच जिममध्ये जेवण. सगळा मुलूख लोटला होता. मांस-मक्याचं सार झालं, तळलेली भाकरी झाली, रिवाजाप्रमाणे गेलेल्याच्या नावाने गोधड्या वाटून झाल्या. आर्डिसने कॉफीच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा मांडला.

तिच्या मनात होतं, सगळ्यांना पंधरा तारीख घालायला सांगायची. ती सांगायला उभीही राहिली. समोर ऑर्व्हिलकाकांचा फोटो होता, त्यांचं गाणं नुकतंच संपलं होतं, म्हातारी माणसं अजून डोळे पुसत होती. जो माणूस गेला त्याच्या जेवणात, त्याच्यासमोर, एवढ्या लोकांना खोटं लिहायला सांगायचं? तिची जीभ वळेना.

"आजचीच तारीख घाला," ती म्हणाली. "कागदावर वरती मोजणीचा दिवस छापलेलाच आहे. तीन दिवसांनी कुणाला काय फरक पडतोय."

"तीन दिवसांत मी कुठं पळून जाणार?" डेल्बर्ट सही करत म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. "बायको कुठं जाऊच देत नाही."

"तुला नेणार कोण?" आर्डिस म्हणाली, आणि जवळचे सगळे हसले. एका संध्याकाळी एकसष्ट सह्या झाल्या. सोमवारी तिने शाळेचे मुख्य अधिकारी केसलर यांना विचारलं, चालेल ना. केसलर म्हणाले, चालेल. त्यांनी कागद पाहिलेसुद्धा नव्हते.

"एकसष्ट," व्हिटलो आता म्हणाला. पोरगा सभ्य होता. टाय सरळ, आवाज मऊ. "मला वाईट वाटतं, मॅडम. सही मोजणीच्या दिवसाच्या आधीची असेल तर ते मूल धरता येत नाही."

"ही मुलं पंधरा तारखेला कुठं होती असं तुम्हाला वाटतं?"

"तसा प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे. कागदावर तोच लिहिलाय. मूल कुठं राहतं."

"नियम असा आहे की…"

आर्डिस उठली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती लपवायची तिला अजिबात इच्छा नव्हती. तिने दार सताड उघडलं. बाहेर जेवणाची रांग लागली होती. "या," ती म्हणाली. "मोजा. ही पोरगी, ही तिची बहीण. तो लाल टोपीवाला. तो नाकात बोट घातलेला, तो डेल्बर्टचा धाकटा. बारा तारखेला इथं होते, पंधराला होते, आज आहेत. यांच्या खापरपणज्यांचे पणजे इथं होते तेव्हा तुमचं वॉशिंग्टन नव्हतं. बोट लावून मोजा, कुणी चावणार नाही."

रांगेतली पोरं हसायला लागली. व्हिटलोचे कान लाल झाले.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," तो म्हणाला. "खरंच आहे. पण मला यांना मोजता येणार नाही."

हे ऐकून आर्डिसला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तो खोटारडी म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुमच्या सरकारने नदीकाठची जमीन धरणाखाली घेतली ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्या आजोबांची सही पाणी घरात शिरल्यावर घेतली. आणि वर तारीख घातली सहा महिने आधीची. ती कशी चालली हो? ती मोजली ना तुम्ही?"

व्हिटलोने पेन टेबलावर ठेवलं. त्याचा फोन वाजला, आणि सुटलो एकदाचा अशा चेहऱ्याने तो बाहेर गेला. पेन आणि दोन्ही ढीग टेबलावरच राहिले.

सुरुवातीपासून कोपऱ्यात बसलेले केसलर तेव्हा जागे झाले. "आर्डिस, त्याने अजून आकडा लिहून घेतलेला नाही. बाराचे पंधरा करायला किती वेळ लागतो? निम्म्यांचे केले तरी पुष्कळ झालं."

"तुम्ही करा ना मग."

"माझं अक्षर लोकांना माहीत आहे."

"म्हणजे पकडले तर मी."

"शाळेसाठी सांगतोय."

"मी तुम्हाला ऑक्टोबरमध्ये विचारलं होतं. तेव्हा तुमचे डोळे कुठे होते?" केसलर खिडकीबाहेर बघू लागले. आर्डिसने पेन उचललं. तिची नात डॅनिका याच शाळेत नववीत होती. मुलगी गेल्यापासून आर्डिसच तिला वाढवत होती. पैसा तुटला की आधी वरचे वर्ग जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सगळ्यात वरचा कागद ओढला. तो डेल्बर्टचा होता. बापाच्या जेवणात, बापाचा फोटो समोर असताना त्याने लिहिलेली ती तारीख होती. तिने तारखेला हात न लावता पेन परत ठेवलं.

एकसष्ट मुलांचे पैसे तुटले, आणि जूनमध्ये शाळेच्या बोर्डाने नववी ते बारावी बंद केली. केसलर त्याच महिन्यात दुसरीकडे नोकरीला लागले, निरोपाचा केकसुद्धा खाऊन गेले. चौतीस मुलं आता हद्दीपलीकडच्या ब्रँडेल गावच्या शाळेत जाणार होती. पंचावन्न मैल. डॅनिका पहाटे पावणेपाचला उठायची, आणि संध्याकाळी आली की जेवताना तिचे डोळे मिटायचे. हेच ते ब्रँडेल, जिथले लोक बास्केटबॉलच्या सामन्यात मागच्या बाकावरून ऐकू येईल असं म्हणायचे, कर भरत नाहीत, शाळा मात्र फुकट पाहिजे. वीस वर्षं आर्डिसने ते ऐकून घेतलं होतं, कारण मैदानात आपली पोरं होती.

एक ऑक्टोबरला डॅनिकाने दप्तरातून कागद काढून ताटाजवळ ठेवला. "आजी, सही हवी आहे. उद्याच न्यायचाय. सगळ्यांचे आले की वर्गाला पिझ्झा आहे. माझाच राहिलाय."

आर्डिसने चष्मा लावला. कागद तिने लगेच ओळखला. तेच छापील शब्द, तेच रकाने. हे मूल केंद्र सरकारच्या जमिनीवर राहतं. वर मोजणीचा दिवस छापलेला, नऊ ऑक्टोबर. फक्त शाळेचं नाव ब्रँडेलचं. पोरं तीच, जमीन तीच, आणि तिच्यापोटी मिळणारा पैसा आता ब्रँडेलच्या तिजोरीत जाणार होता. फुकटे म्हणणारे याच पोरांच्या डोक्यांवर भरपाई घेणार होते. तिने कागद दोनदा वाचला. सहीपुढे पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, वर हसरा चेहरा काढलेला. तिथल्या कारकून बाईंनी लिहिलं होतं: फक्त सही करा, तारखेची जागा कोरी ठेवा, आम्ही घालू.

आर्डिसने चिठ्ठी सोलून काढली.

"सगळ्यांना अशीच देतात चिठ्ठी?"

"हो. दरवर्षी, म्हणे. का?"

"काही नाही. पेन दे."

तिने सही केली. मग तारखेच्या जागी, शाई कागदात खोल जाईल इतकं दाबून, एक ऑक्टोबर लिहिलं, आणि पुढे पूर्ण वर्ष.

"आजी, कोरी ठेवायला सांगितलं होतं ना. आता ओरडतील मला."

"आज कितवी आहे?"

"एक."

"मग खोटं काय लिहिलं मी? ओरडल्या तर सांग, माझी आजी बावीस वर्षं हेच काम करत होती. तिला विचारा."

डॅनिकाने कागदाकडे पाहिलं. पोरगी हुशार होती, आणि एप्रिलमध्ये व्हिटलो आला तेव्हा दाराबाहेरच्या त्या जेवणाच्या रांगेत तीही उभी होती. तिला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. "म्हणजे मला ते मोजणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"तेहतीसच होतील."

आर्डिसने फोन ओढला आणि डेल्बर्टचा नंबर फिरवला. त्याचे दोन मोठे मुलगे ब्रँडेलच्याच बसने जायचे. "जेवलास का?" ती म्हणाली. "पोरांनी कागद आणलाय ना ब्रँडेलचा? पाठवू नकोस अजून. पेन घे आणि आधी ती पिवळी चिठ्ठी काढून टाक."