साच्यावरची भूमिती

बायको भागाबाई गेल्यापासून नरसिंगनं शेवयांचा साचा माळ्यावर टाकला होता. सीमाभागातल्या त्या संतपुरात कोणी मागायला आलं, की मोडलाय म्हणायचा. मोडला नव्हता.

त्याची पोरगी स्नेहल मराठी शाळेत दहावीला गणित शिकवायची. कोरोनानं शाळा पुन्हा बंद झाली आणि तास मोबाइलवर आला. तोंडी भूमिती पोरांना कळेना. वही कॅमेऱ्यासमोर धरली, तर लिहायला हात उरेना. पोरं एकेक करून गळायला लागली. शेवटी मुख्याध्यापकांनी सांगितलं, उद्याचा तास ते स्वतः बघतील. जमलं नाही तर नौबादच्या एका क्लासचे व्हिडिओ लावतील. ते कन्नडात होते. पोरांचं कन्नड बाजारापुरतं. प्रमेय त्यात कसं कळणार?

स्नेहलनं डबे रचून त्यावर मोबाइल ठेवला. डबे घसरले. पुन्हा रचले, पुन्हा घसरले.

नरसिंग उंबऱ्यात बसून बघत होता. मोबाइलनं वरून बघायचं आणि खाली हात मोकळा पाहिजे, एवढं त्याला कळलं. साचा तसाच होता: लांब लाकडी बाक, एका टोकाला भोक, त्यातून शेवया खाली परातीत पडायच्या. मग उठून त्यानं साचा खाली काढला. भोकाच्या कडेला भागाबाईच्या हातचं पीठ वाळून बसलं होतं. नखानं खरवडायला गेला, पण हात थांबला. स्नेहलनं ओलं फडकं पुढं केलं. त्यानं भोक पुसलं.

दुसऱ्या दिवशी भोकावर मोबाइल, खाली कागद. वर्तुळ उमटलं. पण फरशी उंचसखल. स्नेहलचा हात साच्याच्या पायाला लागला, की तो डुगडुगायचा.

"टीचर, वर्तुळ नाचायलंय," वर्गातला हरिओम म्हणाला. पोरं हसली. मुख्याध्यापक खाकरले.

नरसिंग सरळ जाऊन साच्याच्या दुसऱ्या टोकावर बसला. शेवया दाबताना त्याची जागा तीच. ह्या माणसाचं वजन इथंच तेवढं कामाला येतं, असं भागाबाई म्हणायची.

"अप्पा, हलू नका."

"न्हाई हलत. तू शिकव."

वर्तुळ थांबलं. स्नेहलनं स्पर्शिका काढली, त्रिज्या काढली, काटकोनाची खूण केली.

"काटकोनच कामून, टीचर?" ज्योतीनं विचारलं. कितीतरी दिवसांनी कोणी काही विचारलं होतं.

स्नेहलनं केंद्रापासून स्पर्शिकेपर्यंत दुसरी रेघ ओढली. मग तिसरी. "बघ, कुठली आखूड?"

"त्रिज्याच. बाकीच्या वर्तुळाबाहेर जायल्यात." ज्योती क्षणभर थांबली. "मंजे सगळ्यात आखूड ती सरळ उभी. म्हणून काटकोन."

"व्हय," स्नेहल म्हणाली. तिनं काटकोनाची खूण पुन्हा एकदा गिरवली.

मुख्याध्यापक म्हणाले, व्हिडिओ नकोत, उद्या पुढचं प्रमेय घ्या. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, की हे बाक कुठं मिळतं. विज्ञानाच्या सरांनाही हवंय.

"घरोघर हाय की, सर," नरसिंग बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाला. "बायकांना विचारा फकस्त."

गळालेली पोरं आठवडाभरात परत आली. साचे मास्तरांकडं गेले, आणि त्या उन्हाळ्यात संतपुरात शेवया उशिरा झाल्या.