पिवळ्या दरवाज्याची मुदत

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, तिसऱ्या मजल्यावरचा. आज माझ्यामागे घर उरलेले नाही, नुसत्या खोल्या आहेत. तरी जिन्यात पाऊल वाजले की मला वाटते, आतून कोणीतरी "आले, आले" म्हणत कडी काढायला येईल.

सुताराने मला जाड लाकडातून घडवले. इमारतीतले आम्ही सगळे दरवाजे एकाच मापाचे भाऊ, आणि बाहेरून सगळ्यांना एकच राखाडी रंग. इमारत भाडेपट्ट्याची होती. म्हणजे घर विकत घ्यायचे, पण ठरावीक वर्षांपुरतेच. वर्षे संपली की घर जमिनीच्या मालकाकडे परत जाते. मुदत वाढवून मिळते, पण ती वेळेवर मागावी लागते आणि मालकाने हो म्हणावे लागते. करारात माझीसुद्धा वाटणी झालेली होती. आतली बाजू घरात राहणाऱ्यांची, बाहेरची मालकाची. तिचा रंग कोणी बदलायचा नाही.

आमच्या घरात एक रंगारी राहायला आला. बरोबर बायको आणि लहानगी मुलगी. मुलगी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मुदतीतली बरीच वर्षे आधीच्या लोकांनीच संपवली होती, म्हणूनच ते घर रंगाऱ्याला परवडले.

भिंगरी शाळेतून एकटी येऊ लागली आणि रोज मजला चुकू लागली. एकदा ती वरच्या शिंप्याच्या दारापुढे बसून हमसून हमसून रडली. शिंपी तिला बोट धरून खाली घेऊन आला.

"घ्या तुमची भिंगरी. आजही माझ्याच दारात उतरली. आता मापच घेऊन ठेवतो, झगा तरी होईल."

"तिचा काय दोष?" रंगारी म्हणाला. "सगळी दारं एकाच तोंडवळ्याची."

सुट्टीच्या दिवशी त्याने मला घासले, भेगा बुजवायला लांबीचा लगदा भरला, तो वाळू दिला, पुन्हा घासले आणि पिवळ्या रंगाचे तीन हात दिले. असा पिवळा की अंधाऱ्या जिन्यातही उजेड पडावा.

"अहो, करारात काय लिहिलंय?" बायकोने विचारले.

"करार वाचायला जिना कोण चढतंय!"

भिंगरी पुन्हा कधी चुकली नाही. येताना ती मला तळव्याने थाप मारायची. तिथला रंग उडे, आणि रंगारी तेवढ्याच जागी कुंचला फिरवी. पोस्टमनसुद्धा त्यांना 'पिवळ्या दरवाजावाले' म्हणायचा. मित्रांनो, ते माझे खरे सुखाचे दिवस.

भिंगरी मोठी झाली, नोकरीला लागली. एक दिवस तिने करार काढून बापाला वाचून दाखवला. "बाबा, थोडीच वर्षं राहिलीत. म्हातारे मालक भले आहेत, आत्ताच मुदत मागू या. नाहीतर तुम्ही दोघं म्हातारपणी कुठं जाणार?"

अर्ज केल्यावर मालकाचा कारभारी पाहणीला आला. माझ्यापुढे थबकला. बोटाने टकटक केले.

"मालकांची ना नाही," तो म्हणाला. "तेवढा बाहेरचा रंग पहिल्यासारखा करा, म्हणजे झालं."

"दुसरं काहीही सांगा. याला राखाडी लावणार नाही."

"अहो, रंगारी तुम्ही! एका दुपारचं काम."

"रंगारी आहे म्हणूनच."

कारभारी गेल्यावर बायको चिडली. "रंगासाठी घर घालवणार आहात का?"

"आहेत अजून वर्षं. बघू पुढं."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आज तो आठवला की बिजागऱ्या कुरकुरतात. पुढच्या वर्षी कारभारी पुन्हा विचारून गेला. तेच उत्तर मिळाले. मग तो यायचा थांबला.

म्हातारे मालक वारले. सगळी मालमत्ता त्यांच्या पुतण्याकडे गेली. ते कळले त्या सकाळी रंगारी राखाडी रंगाचा डबा घेऊन आला. बायकोने स्टूल धरले. त्याने घासले नाही, लांबी भरली नाही. आयुष्यभर ज्याने एक भेग सोडली नाही, तो मला नुसता झाकत गेला. मग हात पुसून कारभाऱ्याकडे गेला. मी वाळायच्या आत तो परत आला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारले.

"नवे मालक कोणाचीच मुदत वाढवत नाहीत. इमारत पाडायचीय त्यांना." त्याने डब्याचे झाकण दाबून बसवले. "रंग लावलात ते बरं केलंत, म्हणाले."

उरलेली वर्षे त्यांनी माझ्याआड काढली. त्याने मला पुन्हा पिवळे केले नाही. आता कोणी अडवणार नव्हते, तरी केले नाही.

शेवटच्या दिवशी सामान खाली गेले. आईबापांना न्यायला भिंगरी नोकरीच्या गावाहून आली. मान खाली घालून जिना चढत होती. माझ्यासमोरून तशीच पुढे गेली. मग वर कडी वाजली आणि शिंप्याचा आवाज आला, "भिंगरे, अगं अजून चुकतेस?"

ती खाली आली. तिने माझ्यावर तळवा ठेवला. मग कुलपाजवळ नखाने खरवडू लागली. आतून पिवळा डोकावला. रंगारी दारात आला. त्याने पाहिले.

"नको गं," तो म्हणाला. "नखात जाईल."

मित्रांनो, आवडत्या वस्तूला जरूर जपा. पण वस्तू जपताना, ती ज्यांच्यासाठी जपायची त्यांचे छप्पर जाऊ देऊ नका. मागायचे ते, हो म्हणणारा माणूस समोर आहे तोवर मागा. आजची समज तेव्हा असती आणि मला बोलता आले असते, तर कारभारी आला त्याच दिवशी सांगितले असते, 'लाव मला राखाडी. पोरगी आता मोठी झाली आहे, तिला मजला मोजता येतो.'

आता पाडणारे येतील. मला खाली नेताना कोणी नीट पाहिलेच, तर कुलपाजवळ नखाएवढा पिवळा ठिपका दिसेल. आमच्या घराचे तेवढेच उरले आहे.