लेबारीच्या आईची बोली

संघपाल घुग्घुसचा, कामानं वेल्डर. सहा वर्षं तो नायजेरियात, एलेमेजवळच्या एका कारखान्यात होता. परत येऊन चार वर्षं झाली तरी जीव तिकडेच ओढायचा. तिथला त्याचा जोडीदार लेबारी, जमातीचा ओगोनी, घरची भाषा खाना. सुट्टीला तो संघपालला गावी न्यायचा. लेबारीची आई जेवू घालता घालता त्याला खाना शिकवायची.

लेबारीची बायकोही ओगोनीच, पण तिची बोली एलेमे, कारखान्याजवळच्या त्याच नावाच्या भागातली. दोन्ही एकाच कुळातल्या. देवाला खानात बारी म्हणतात, एलेमेत ओबारी. शेजारची गोकाना लेबारीला बरीचशी कळायची, सासूचं एलेमे मात्र डोक्यावरून जायचं.

एका रविवारी लेबारीचा फोन आला. आई गेली होती.

"घरात पोरं एलेमे बोलतात, नाहीतर इंग्रजी," लेबारी मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "खाना मी तिच्याशीच बोलायचो. तिनं तुला शिकवलेलं काहीतरी बोल."

संघपालनं फोन कानापासून बाजूला धरला. बायको पिंकी शेंगा सोलत बसली होती. त्यानं तिला लेबारीचं सांगितलं, त्याच्या घरातल्या दोन बोलींचंही.

"आमच्या माहेरी जिवतीले कोलामाच्या अन् गोंडाच्या बोलीचं असंच हाय," ती म्हणाली. "काई काई शब्द जुळते, पन बोलनं समजत नाई. तुमाले येते का अजून?"

"तुटकं येते."

"मंग बोला ना. काऊन थांबले?"

तो फोनवर खानात बोलला. आभाळ भरलंय, आत ये. मासा खाऊन जा. घरी तुझी आई वाट बघत असेल. त्याला येत होती ती सगळी अशीच, पाहुण्याला म्हणायची वाक्यं. दुःखाचा शब्द म्हातारीनं शिकवलाच नव्हता.

पलीकडून लेबारी म्हणाला, "मासा हा शब्द चुकला. सूर बदलला की शब्द बदलतो. परत म्हण."

संघपालनं परत म्हटलं. परत चुकलं. तेव्हा लेबारीनं स्वतः म्हणून दाखवलं, आई म्हणायची तसं सावकाश.

आता दर रविवारी ते बोलतात. संघपालची वाक्यं केव्हाच संपली, म्हणून लेबारी नवीन शिकवतो. मागच्या खेपेला नदी ओलांडताना नावाड्याला काय म्हणायचं ते शिकवलं. संघपालनं ते वहीत उतरवून घेतलं. पुन्हा तिकडे जाणं होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.